होपवेलचा शेतकरी सभापती : न्यू जर्सीतील पाच दिवस

पहिला दिवस : होपवेल

जिल्हा परिषदेत तीस वर्षे विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या माणसाला कोठेही गेले तरी आधी तेथील पंचायत कशी चालते ते पाहण्याची खोड लागते. माझी मुलगी न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहते. त्या भागात मराठी घरे इतकी आहेत की कोथिंबिरीच्या जुडीपासून दिवाळी अंकापर्यंत कशाचीही वाण पडत नाही. दोन वेळा येऊन न्यूयॉर्क, नायगारा वगैरे सर्व रीतसर पाहून झाले होते, म्हणून या खेपेला ऑक्टोबरमधील पाच दिवस मी एकाच माणसासाठी राखून ठेवले. त्याचे नाव जॉन हार्ट. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांत वकील आणि व्यापारी पुष्कळ होते, बडे जमीनदारही होते. हार्ट मात्र होपवेल गावचे शेतकरी होते आणि शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला बेताचेच आले होते. त्यांच्याविषयी एक करुण कथा सांगितली जाते : इंग्रजांच्या भीतीने हा म्हातारा डोंगरातील गुहेत लपला, एका जागी दोन रात्री झोपला नाही, परत आला तेव्हा शेत उद्ध्वस्त झाले होते आणि बायको मेली होती, आणि तो खचून गेला. ही कथा कितपत खरी, आणि ती बाजूला ठेवल्यावर मागे काय उरते, हे मला पाहायचे होते.

होपवेल हे प्रिन्स्टनपासून थोड्याच अंतरावरचे टुमदार गाव आहे. मुख्य रस्त्यावरच जुने बाप्टिस्ट प्रार्थनाघर लागते. लाल विटांची ही आजची इमारत १८२२ ची असली तरी तिच्याखालची जागा हार्ट यांनी १७४७ मध्ये दिलेली आहे. ते स्वतः प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या शेजाऱ्यांना त्यांनी आपली जमीन दिली. गावकीत राहणाऱ्याला यातले शहाणपण समजावून सांगावे लागत नाही. आवारात जोअब हॉटन यांचे स्मारक आहे. इंग्रजांशी युद्धाची ठिणगी जिथे पडली त्या लेक्सिंग्टनच्या चकमकीची बातमी आली तेव्हा, २३ एप्रिल १७७५ च्या रविवारी, प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांपुढे एका दगडावर उभे राहून हॉटन यांनी लढाईला कोण येतो असे विचारले, तो दगड या स्मारकात जपलेला आहे. घोड्यावर चढताना पाय ठेवण्यासाठी असतो तसला तो साधा दगड आहे.

हार्ट यांचे थडगे प्रार्थनाघराच्या कबरस्तानात आहे. त्यावर पांढुरका चौकोनी स्तंभ आहे. मृत्यूनंतर त्यांना आधी हंट कुटुंबाच्या खासगी दफनभूमीत पुरले होते. तेथून त्यांचे अवशेष १८६५ मध्ये येथे आणले गेले आणि त्या वर्षीच्या ४ जुलैला गव्हर्नर जोएल पार्कर यांच्या हस्ते स्तंभाचे अनावरण झाले. यादवी युद्ध संपून जेमतेम तीन महिने झाले होते आणि देशाला आपले जुने हुतात्मे आठवण्याची निकड होती. गुहेच्या कथेला रंग चढला तो अशाच काळात, असा माझा कयास आहे.

आता माणसाविषयी. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल एकमत नाही; १७०६ ते १७१३ या दरम्यानचे कोणतेही वर्ष पुस्तकात सापडते. १७४० च्या सुमारास त्यांनी होपवेलला १९३ एकर जमीन घेतली, डेबोरा स्कडर यांच्याशी लग्न केले, तेरा मुले झाली, आणि हळूहळू जमीन सहाशे एकरांच्या पुढे गेली. पिठाच्या आणि लोकरी कापड कुटून घट्ट करण्याच्या पाणचक्क्याही त्यांच्याकडे होत्या. तेव्हा 'गरीब बिचारा शेतकरी' हे चित्र पहिल्याच दिवशी पुसून टाकावे लागते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हा गावचा मातब्बर मिरासदार होता.

१७५० मध्ये ते हंटरडन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, 'फ्रीहोल्डर' मंडळावर निवडून आले. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेला माणूस. काउंटीचा कारभार अशा जमीनधारकांनीच पाहायचा, रस्ते, पूल, कचेरी आणि तुरुंग यांचा खर्च त्यांनीच मंजूर करायचा, अशी ती पद्धत होती. माझ्या डोळ्यांपुढे तर जिल्हा परिषदेची बांधकाम समितीच उभी राहिली. गंमत अशी की न्यू जर्सीने हा शब्द १ जानेवारी २०२१ पर्यंत चालू ठेवला होता. जमीन असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरताच कारभार मर्यादित असलेल्या काळाचा तो अवशेष आहे, म्हणून कायदा करून 'कमिशनर' हे नाव आणले गेले. पुढे १७५५ मध्ये हार्ट न्यायाधिकारी झाले आणि १७६१ ते १७७१ ही दहा वर्षे वसाहतीच्या विधानसभेत बसले. म्हणजे जाहीरनाम्यावर सही करण्याआधी या माणसाच्या गाठीला पंचवीस वर्षांचा कारभार होता. हा काळ कथेत कोणी सांगत नाही, कारण पुलाच्या खर्चात रडण्यासारखे काही नसते.

दुसरा दिवस : सोरलँडचा डोंगर

सोरलँडला येथे 'माउंटन' म्हणतात. उंची सहाशे फुटांच्या आत. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाने यावर हसू नये असे मी ठरवून गेलो होतो, आणि वर चढल्यावर हसण्याचे कारणही उरले नाही. झाडी दाट आहे आणि मधूनमधून हत्तीएवढे गोलसर काळे दगड एकमेकांवर रचल्यासारखे पडले आहेत. हा डायबेस जातीचा खडक, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सख्खा भाऊ : तसाच लाव्हारस, फक्त जमिनीच्या पोटात थिजलेला आणि वयाने बराच थोरला. सुमारे वीस कोटी वर्षांचा हा दगड, आणि आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. हाताला दोघांचा गारवा सारखाच लागला.

हार्ट नेमके कोणत्या कपारीत राहिले ते शोधण्याच्या भरीस मी पडलो नाही. साध्या पायवाटेनेच मला पुरेसे दमवले. पानगळ सुरू झाली होती, वाट पानांखाली गेली होती, झाडांवरच्या रंगाच्या खुणा माझ्या नजरेतून सुटल्या आणि अर्धा तास आम्ही एकाच ओढ्याभोवती फिरत राहिलो. सोबत दहा वर्षांचा नातू होता. तो म्हणाला, "आबा, इथे लपायला गुहा कशाला हवी? वाट चुकली की झालं." त्याचे म्हणणे मला पटले. अशा दगडांच्या राशीत डिसेंबरच्या थंडीत साठी ओलांडलेल्या माणसाला शोधणे शिपायांच्या तुकडीला सोपे गेले नसते.

आता घटनांचा क्रम पाहू. हार्ट ऑगस्ट १७७६ मध्ये नव्या विधानसभेचे सभापती झाले. पत्नी आजारी म्हणून ते घरी परतले आणि ८ ऑक्टोबरला डेबोरा वारल्या. इंग्रज आणि त्यांचे भाडोत्री हेसियन सैनिक या भागात शिरले ते त्यानंतर, डिसेंबरात. म्हणजे नवरा गुहेत असताना बायको एकटी मेली, हा कथेतील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग घडलेलाच नाही. घडले ते एका परीने अधिक कठीण होते : बायकोला पुरून दोन महिने होतात न होतात तोच, लहान मुले घरात असताना, सभापती म्हणून ज्याला पकडण्यात शत्रूला रस होता अशा माणसाला घर सोडावे लागले. शेताची लुटालूट झाली हे खरे, पण ते बेचिराख झाले नव्हते. लपण्याचा काळही फार लांबला नाही. २६ डिसेंबरला वॉशिंग्टन यांनी ट्रेंटन जिंकले, ३ जानेवारीला प्रिन्स्टनची लढाई झाली, इंग्रज मागे हटले आणि हार्ट घरी आले. काही आठवड्यांची ही पळापळ कथेत वर्षभराची झाली आहे.

उतरताना स्किलमन येथील एका छोट्या पांढऱ्या चर्चपाशी थांबलो. माउंट झायन नावाचे हे कृष्णवर्णीयांचे चर्च १८९९ चे असून आता त्यात सोरलँड भागातील आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. या डोंगराच्या आसपासच्या शेतांवर गुलाम राबत होते, हार्ट यांच्या घरीही होते, आणि न्यू जर्सीने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला तो १८०४ मध्ये, उत्तरेकडील राज्यांत सर्वांत शेवटी. 'सर्व माणसे समान' या वाक्याखाली सही करणाऱ्या हाताविषयी लिहिताना हे गाळता येत नाही. सहाशे एकर आणि पाणचक्क्या एकट्या कुटुंबाच्या घामावर चालल्या नव्हत्या.

तिसरा दिवस : प्रिन्स्टन आणि ट्रेंटन

हा दिवस पावसाचा निघाला. प्रिन्स्टन विद्यापीठातील नासाऊ हॉल बाहेरूनच पाहिला. हार्ट सभापती झालेल्या विधानसभेची पहिली बैठक २७ ऑगस्ट १७७६ रोजी प्रिन्स्टनलाच, याच इमारतीत भरली होती. ज्या राज्यघटनेखाली ती भरली ती २ जुलै १७७६ ची, आणि तिच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिली अशी की पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व 'रहिवाशां'ना तिने मताचा हक्क दिला. 'पुरुष' असा शब्द घातला नाही, म्हणून मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय १८०७ पर्यंत तेथे मत देत होते. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेण्यात आला. दुसरी गोष्ट म्हणजे, इंग्लंडशी समेट झाल्यास ही घटना रद्द समजावी असे कलमही तिच्यातच होते. बंड करणाऱ्या शेतकऱ्यांनी परतीची वाट बुजवली नव्हती. मला हा व्यवहारीपणा आवडला.

ही विधानसभा पुढे वर्षभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली. १७७७ मध्ये हॅडनफील्डच्या 'इंडियन किंग' नावाच्या खाणावळीत तिची बैठक भरली, आणि त्याच वर्षी राज्याची मुद्रा तयार झाली. ढालीवर तीन नांगर, एका बाजूला स्वातंत्र्याची देवता, दुसऱ्या बाजूला धान्याची देवता सेरेस. सभापतीच्या खुर्चीत शेतकरी आणि मुद्रेवर नांगर, हा योग जुळून आला होता. ट्रेंटनच्या राज्य विधानभवनात ती मुद्रा जागोजाग दिसते. नांगर तिकडच्या घडणीचे आहेत, पण रुमणे आणि फाळ ओळखू येतात.

ट्रेंटनची जुनी सैनिकी बराक १७५८ ची आहे. लढाईच्या सकाळी शहरात सुमारे चौदाशे हेसियन होते आणि त्यांतील नऊशेच्या आसपास पकडले गेले. तेथील मार्गदर्शकाने बंदूक ठासून दाखवली. शाळेची मुले कानांवर हात ठेवून उभी होती. पावसामुळे दारू पेटलीच नाही. त्या सकाळीही हिमवर्षावात बंदुका भिजल्या होत्या, असे मार्गदर्शकाने वेळ साधून सांगितले.

चौथा दिवस : फिलाडेल्फिया

ट्रेंटनहून लोकल गाडीने फिलाडेल्फियाला गेलो. इंडिपेन्डन्स हॉलमध्ये ठरलेल्या वेळेचे तिकीट काढून गटागटाने सोडतात. सभागृह माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाले. तालुका पंचायत समितीचे सभागृह याहून मोठे असते. हिरव्या कापडाने झाकलेली टेबले, त्यांवर दौत आणि पिसाच्या लेखण्या, समोर अध्यक्षाचे उंच आसन. मूळचे सामान इंग्रजांच्या ताब्यात शहर असताना गेले, म्हणून दिसते त्यातील बरेच त्या काळचे असले तरी त्या खोलीतले नाही.

हार्ट येथे, सर्व वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसमध्ये, कसे आले ते सांगायला हवे. न्यू जर्सीचे आधीचे प्रतिनिधी स्वातंत्र्याच्या बाबतीत कचरत होते. जून १७७६ मध्ये न्यू जर्सीतील बंडखोरांच्या प्रांतिक काँग्रेसने राजाचे गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन यांना अटक करवली. हे बेंजामिन फ्रँकलिन यांचेच चिरंजीव. बाप बंडाच्या बाजूला, मुलगा राजाच्या. त्यानंतर जुने प्रतिनिधी बाजूला सारून नवे पाच निवडले गेले : वकील स्टॉकटन, प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाचे प्रमुख विदरस्पून, वकील आणि कवी हॉपकिन्सन, जमीनमोजणी जाणणारे क्लार्क, आणि शेतकरी हार्ट. नवे प्रतिनिधी सभागृहात आले तेव्हा १ जुलैची चर्चा रंगात आली होती आणि त्यांच्या आग्रहावरून स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते जॉन ॲडम्स यांना आपले सगळे म्हणणे पुन्हा मांडावे लागले. २ तारखेला मतदान झाले, ४ तारखेला मसुदा मंजूर झाला, आणि चर्मपत्रावर बहुतेकांच्या सह्या झाल्या त्या २ ऑगस्टला. न्यू जर्सीच्या पाच सह्यांत हार्ट यांची चौथी आहे. जेमतेम महिना-दोन महिने ते या शहरात होते. नंतर आपल्या विधानसभेचे काम त्यांना अधिक जवळचे वाटले असावे.

जेवायला बसल्यावर नातवाने पाकिटातून दोन डॉलरची नोट काढली. वाढदिवसाला कोणीतरी दिलेली ती नोट त्याने मोडली नव्हती. तिच्या मागच्या बाजूवर जॉन ट्रम्बुल यांच्या प्रसिद्ध चित्रावरून केलेले कोरीव काम आहे : मसुदा समिती अध्यक्षांपुढे कागद ठेवते आहे आणि भोवती सभासद बसले आहेत. "यात तुमचे हार्ट कुठले?" असे त्याने विचारले. ते त्यात नाहीत. ट्रम्बुल यांनी सही करणाऱ्या ५६ जणांपैकी ४२ जणांनाच चित्रात घेतले, कारण ज्यांचा चेहरा कसा होता याचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही त्यांना कल्पनेने रंगवणे त्यांना मान्य नव्हते. न्यू जर्सीचे बाकी चौघे तेथे आहेत. हार्ट यांची विश्वासार्ह तसबीर कोठेच नाही. नातवाला वाईट वाटले. मला तसे वाटले नाही. ज्याने चित्रकारापुढे बसायला वेळ काढला नाही त्याच्याविषयी माझे मत उलट चांगलेच झाले.

पाचवा दिवस : लॅम्बर्टव्हिल

शेवटचा दिवस डेलावेअर नदीकाठच्या लॅम्बर्टव्हिलला गेला. जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. जाताना वाटेत होपवेल लागलेच. जून १७७८ मध्ये वॉशिंग्टन यांचे सुमारे बारा हजारांचे सैन्य २२ ते २४ तारखांना हार्ट यांच्या शेतात उतरले होते. उन्हाळी पिके उभी असताना शेतकऱ्याने स्वतःहून बोलावलेला हा पाहुणचार. २४ तारखेला सकाळी सूर्यग्रहण लागले, आणि त्याच दिवशी जवळच्या हंट यांच्या घरी सेनानींची मसलत बसली. इंग्रजांवर चालून जावे की नाही यावर मतभेद झाले. चार दिवसांनी मॉनमथची लढाई झाली. ते शेत आता घरांच्या रांगांखाली गेले आहे.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात हार्ट आजारी होऊन बैठकीतून परतले. मूतखड्याच्या दुखण्याने त्यांना महिनोन् महिने छळले आणि ११ मे १७७९ रोजी त्यांचे निधन झाले. गुहेचा आणि या मरणाचा संबंध जोडायचा असेल तर वैद्याची परवानगी घ्यावी लागेल.

एका दुकानात जुन्या नोटांची वही होती. दुकानदाराला हार्ट यांचे नाव सांगताच त्याने पाने उलटली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातली तळहाताएवढी तपकिरी नोट माझ्यापुढे ठेवली. बारा शिलिंगांची, २५ मार्च १७७६ ची न्यू जर्सीची नोट. भिंगातून पाहिले. मजकुरात राजे तिसरे जॉर्ज यांच्या कारकिर्दीचा उल्लेख आहे आणि खाली शाईने केलेल्या तीन सह्यांत 'जॉन हार्ट' अशी सही आहे. मार्चमध्ये या माणसाने राजाच्या नावाच्या नोटेवर सही केली, ऑगस्टमध्ये राजाला झुगारणाऱ्या चर्मपत्रावर. नोटेवरची सही छापील नसे. प्रत्येक नोट हाताने सही करून बाहेर पडे, म्हणजे शेकडो, हजारो वेळा हे नाव लिहावे लागे. अक्षर मोठे नाही, मोकळे आहे, आणि शेवटच्या 'टी'ची आडवी रेघ घाईत ओढलेली आहे. बसून बसून पाठ धरली असताना माणूस ओढतो तशी. पगारपत्रकांवर सह्या करण्यात माझी हयात गेली आहे, ती रेघ मी ओळखतो.

दुकानदाराने नोट उलटी केली. मागे झाडाच्या एका पानाचा ठसा, शिरा न् शिरा उमटलेली, आणि भोवती बर्लिंग्टनच्या आयझॅक कॉलिन्स या मुद्रकाचे नाव आणि 'बनावट नोट काढणाऱ्यास मृत्युदंड' ही ताकीद. खऱ्या पानाचा साचा घेऊन छापण्याची ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिन यांची. कोणतीही दोन पाने सारखी नसतात आणि इतक्या बारीक शिरा हाताने कोरता येत नाहीत, म्हणून नक्कल करणाऱ्याची पंचाईत होई. नातवाने आपली दोन डॉलरची नोट तिच्या शेजारी ठेवली आणि भिंग घेऊन पानाच्या शिरा मोजू लागला. किंमत विचारली, ती माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनच्या पलीकडची होती. दुकानदाराने घाई केली नाही. नातवाचे सत्तावीसपर्यंत मोजून झाले, मग मोजणी चुकली, आणि त्याने देठापासून पुन्हा सुरुवात केली.